गाव मुंबईच्या पैशावर उभं राहिलं, मग मळे पडीक का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातली एक विद्यार्थिनी एमएच्या प्रबंधासाठी विचारते आहे. तिच्या वाडीतून तीन पिढ्या मुंबईला गेल्या. त्या पैशातून चिऱ्याची घरं झाली, हायस्कूल उभं राहिलं, देवळाचा जीर्णोद्धार झाला. आज त्याच वाडीत मळे पडीक आहेत आणि मराठी शाळेत बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली आहेत. तर स्थलांतरानं गावाचा विकास झाला म्हणायचं की गाव मोडलं म्हणायचं?

दोन्ही झालं. पण एवढ्यावर तुमचे गाईड सही करणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरीची बहुतेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांमध्ये शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. त्यामुळे मला हा विषय सिद्धांतापेक्षा पासबुक आणि सातबारा यांतूनच जास्त दिसतो. त्या जागेवरून मला असं वाटतं की तुम्ही प्रश्न थोडा बदलायला हवा. पैसा आला की नाही, यात शंका नाही. तो भरपूर आला. पण त्या पैशाचं आणि जमिनीचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार गावात राहणाऱ्या माणसाकडे होता का? माझ्या मते सगळी गोम इथे आहे. पैसा गावात आला आणि निर्णय मुंबईत राहिला.

आधी एक खुलासा. मी सांगतोय ते मुख्यतः सह्याद्रीच्या पायथ्याच्या आणि मधल्या पट्ट्यातल्या वाड्यांचं आहे: संगमेश्वर, लांजा, राजापूरचा आतला भाग, चिपळूणचा पूर्वेकडचा भाग. किनाऱ्यावर गणित वेगळं पडतं, कारण तिथे हापूस आहे, मासळी आहे. खेड, दापोली, चिपळूणमधल्या ज्या मुसलमान वस्त्यांतून माणसं आखातात गेली, तिथे रकमा मोठ्या आल्या आणि थोड्या काळात आल्या. त्याचा परिणाम वेगळा मोजावा लागेल. बीडच्या ऊसतोडीचं स्थलांतर तर या हिशेबात धरूच नका. तिथे नवरा-बायको दोघं मुकादमाची उचल घेऊन जातात आणि हंगाम संपला की परत येतात, कित्येकदा अंगावरची उचल पुरती न फिटता. नाव एकच, पण कोकणातलं जाणं आणि तिथलं जाणं यांचा पैशाच्या दृष्टीनं संबंध नाही. कोण गेलं, एकटं गेलं की कुटुंबासकट, आणि मागे जमिनीवर कोणाचं नाव राहिलं, या तीन गोष्टी कळल्याशिवाय 'स्थलांतराचा परिणाम' असं काही सांगता येत नाही.

तुमच्या वाडीतल्या तीन पिढ्या वेगवेगळ्या मोजा, कारण प्रत्येकीचा पैसा वेगळ्या जातीचा आहे.

पहिली गिरणीची. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या त्या १८५० च्या दशकात. कोकणात तेव्हा खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करायचा आणि कुळं त्याच्या हाताखाली राबायची; जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, पावसाळ्यात भात-नाचणी आणि मग आठ महिने हाताला काम नाही. पुरुष एकटा गेला. लालबाग-परळला गावाच्या मंडळाची खोली असायची. तीत गावचीच माणसं पाळीनुसार झोपायची आणि खानावळीत जेवायची. (त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. स्थलांतरावर लिहिताना या बायका बहुतेक जण विसरतात.) बायको, मुलं, आईबाप गावी. मनीऑर्डर यायची, तीही रोजच्या खर्चासाठी: वाण्याचं देणं, औषध, मुलीचं लग्न, नांगरणीची मजुरी. त्या पैशानं शेती बंद पडली नाही, उलट टिकली, कारण खाणारी तोंडं आणि राबणारे हात गावातच होते.

पण या काळाबद्दल 'मुंबईनं कोकण पोसलं' असं जे म्हणतात, ते मला अर्धंच खरं वाटतं. कामगाराचं कुटुंब स्वतःच्या शेतातला भात खात होतं, म्हणून त्याला कमी पगारात ठेवता आलं. तो लहानाचा मोठा गावात झाला आणि थकल्यावर गावातच परतला. गिरणीमालकाला त्याची फक्त कामाची वर्षं मिळाली. बालपण आणि म्हातारपण गावानं सांभाळलं. प्रबंधात मनीऑर्डरींची बेरीज मांडणार असाल तर ही वजाबाकीही मांडा.

दुसरी पिढी संपाच्या आसपासची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक जण गावी आले आणि वाट बघत राहिले; पुष्कळांची नोकरी पुन्हा उभी राहिलीच नाही. पुढे त्यांची मुलं मुंबईत मिळेल त्या कामाला लागली, पण आता खोली मंडळाची नव्हती. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली इकडे स्वतःचं घर झालं आणि बायको-मुलं तिकडे गेली. माझ्या दृष्टीनं खरी फाळणी इथे झाली. कुटुंब मुंबईला गेलं की महिन्याचा पैसा आटतो. आईवडील असेपर्यंत औषधपाण्यापुरता येतो, आणि ते गेले की गणपती-शिमग्याची वर्गणी तेवढी उरते.

मनीऑर्डर पोटासाठी येते आणि वर्गणी नावासाठी, हा फरक लक्षात ठेवलात तर तुमच्या गावातली बांधकामं तुम्हाला वेगळी दिसायला लागतील. एक सोपं काम करा. हायस्कूल, देऊळ, सभामंडप, स्मशानशेड, प्रत्येक ठिकाणी देणगीदारांची फरशी असते. सगळ्या फरशांवरची सालं आणि नावं लिहून काढा. माझ्या पाहण्यातल्या गावांत शाळा आणि पाण्याच्या विहिरी आधीच्या आहेत, म्हणजे मुलं गावात होती तेव्हाच्या. देवळाचा स्लॅब, कमान आणि रंगमंच नंतरचे आहेत, म्हणजे मुलं निघून गेल्यानंतरचे. तुमच्या गावात उलट निघालं तर तेही लिहा, पण सालं बघितल्याशिवाय 'मुंबईच्या पैशातून विकास' असं एका ओळीत म्हणू नका.

तिसरी पिढी तुमची. बारावी किंवा आयटीआय झालं की पुणे, चाकण, मुंबई. त्यांच्या जाण्यात गैर काहीच नाही. मात्र इथे गाव शिकवून तयार केलेला माणूस पाठवतं आणि परत पैसा जवळपास शून्य येतो. शेवटची हाती असलेली जनगणना २०११ ची. तीत २००१ च्या तुलनेत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. महाराष्ट्रात घट झालेला तिसरा जिल्हा कोणता ठाऊक आहे? मुंबई शहर. म्हणजे चाकरमानी जिथून निघाला तिथेही माणूस कमी झाला आणि ज्या लालबाग-परळात तो उतरायचा तिथेही. तो गेला उपनगरात आणि ठाणे जिल्ह्यात.

आता बँकेतल्या टेबलाकडे येतो, कारण मला जे ठामपणे सांगता येतं ते इथलं आहे.

कोकणातल्या ग्रामीण शाखेत ठेवींची कधी अडचण नसते. पेन्शन, गिरणीची ग्रॅच्युइटी, मुलानं आईच्या नावे ठेवलेली मुदतठेव. पैसा येऊन पडतो. कर्ज द्यायला मात्र माणूस शोधावा लागतो. कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे शंभर रुपये ठेवीमागे त्या भागात किती कर्ज दिलं, हा आकडा वरिष्ठांच्या बैठकीत विचारला की आम्ही खाली बघायचो. ठेव तर पडून राहत नाही, बँक ती दुसरीकडे कर्जाऊ देते. म्हणजे गावातल्या म्हातारीच्या ठेवीतून शहरातली घरकर्जं निघतात. गावाकडे पैसा येतो तेवढाच सगळ्यांना दिसतो. तोच पैसा बँकेच्या दारानं परत शहरात जातो, हे कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे हे आकडे तालुकावार मिळतात, आणि ते मागायला लाजायचं कारण नाही.

मग कर्ज का उचललं जात नाही? लोक आळशी झाले, मनीऑर्डरीवर बसून खायला शिकले, असं आमच्याच काही सहकाऱ्यांचं मत होतं. मला ते कधी पटलं नाही. तरुण माणूस यायचा, काजू लावायचा म्हणायचा. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं कुठून घेणार, पाणी कुठून, कुंपण कशाचं, सगळं त्याच्या डोक्यात तयार असायचं. अडायचं सातबाऱ्यावर. जमिनीचं खातं सामायिक, नाव अजून पणजोबांचं किंवा त्यांच्या चार मुलांचं. त्यातले तिघे वारलेले, वारसनोंद झालेली नाही. नोंद करायची तर एक चुलता नालासोपाऱ्यात, एकाचे मुलगे सुरतेला, आत्या डोंबिवलीला. स्वतःच्या हिश्श्यापुरतं लहान पीककर्ज कसंबसं बसवता यायचं. जमीन गहाण ठेवून मुदतीचं कर्ज हवं, विहीर हवी, किंवा सरकारी फळबाग योजनेचं अनुदान हवं, की सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आली.

आणि इथे कोणी नाही म्हणत नाही, हे नीट समजून घ्या. भांडण असतं तर निकाल तरी लागला असता. मुंबईचा चुलता म्हणतो, "हो हो, करूया की, गणपतीला आलो की बसू." गणपतीत पाच दिवस आरत्या, भजनं आणि पाहुणे. सहाव्या दिवशी तो गाडीत. त्याला ती जमीन कसायची नाही, विकायचीही नाही. गावात आपलं काहीतरी आहे, एवढं त्याला पुरतं. त्याच्या बाजूनं बघितलं तर तेही चूक नाही. गिरणीत ज्याचा बाप एका रात्रीत रस्त्यावर आला, त्याला गावचा तुकडा विमा वाटणारच. पण त्याच्या या विम्याचा हप्ता गावात राहिलेला पुतण्या भरतो.

१९९० मध्ये राज्यानं रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा मोठ्या प्रमाणात त्या योजनेनंतरच्या आहेत. शेजारशेजारच्या दोन वाड्या, माती एकच, पाऊस एकच. एकीत डोंगरउतार काजूनं भरलेला आणि दुसरीत कातळ तसाच. अशा ठिकाणी कागद काढून बघितले की बहुधा पहिल्या वाडीत खाती आधीच फोडलेली, म्हणजे वाटण्या झालेली सापडायची. मुंबईला माणसं दोन्हीकडून सारखीच गेली होती. म्हणून मी म्हणतो, दोष जाण्याला देऊ नका.

याला कूळ कायद्याची भीती जोडा. १९४८ चा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसणारा मालक झाला. ते न्यायाचंच होतं. पण त्याची आठवण घराघरात अशी बसली आहे की दुसऱ्याला कसायला दिली तर जमीन जाईल. परिणामी जमीन पडीक ठेवतात, नाहीतर तोंडी देतात. तोंडी कसणाऱ्याकडे कागद नाही, म्हणून पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही, नावावर कर्ज नाही. नाबार्डनं संयुक्त देयता गटांची सोय काढली ती अशाच माणसांसाठी: चार-पाच जण एकमेकांची हमी घेतात, जमीन गहाण लागत नाही. योजना चांगली आहे. शाखेत जाऊन नाव घेऊन मागावी लागते, आपणहून कोणी सांगेल याची वाट बघू नका.

बायकांचा मुद्दा तुम्ही प्रश्नात घेतलेला नाही, तो घ्या. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. हजाराच्या वर असलेले राज्यातले हे दोनच जिल्हे. भाषणांत हा आकडा स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून ऐकू येतो. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या मुलींचं प्रमाण बघा: दोन्ही जिल्ह्यांत ते हजाराच्या बरंच खाली आहे. मोठ्या वयात स्त्रिया जास्त दिसतात त्या पुरुष बाहेर गेल्यामुळे. शेती, गुरं, आजारी सासू, ग्रामसभा, सगळं तिच्याकडे आलं. अधिकार आला का? काही आला. घरखर्चाचे निर्णय ती घेऊ लागली, बँकेत यायला लागली, पुढे बचतगट आले आणि परतफेडीत त्यांच्याइतका खात्रीचा कर्जदार मी पाहिलेला नाही. पण जमिनीच्या कागदावर ती नाही. बांधावरचा फणस तोडायचा तरी मुंबईला फोन. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेनंतर १९९२ मध्ये सरकारनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली, आणि १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीनं तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. कोणी म्हणेल, त्यानं खात्यावरची नावं वाढली आणि गुंता झाला. गुंता हक्क दिल्यानं झालेला नाही, वाटप लांबवल्यानं झाला.

समाजाच्या बाजूनं एक मोठी जमेची गोष्ट आहे आणि ती पैशात येत नाही. खोतीच्या गावात कुळवाडी आणि महार यांची जी अवस्था होती, तीतून बाहेर पडायचा रस्ता मुंबईतून आणि पलटणीतून गेला. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्यानं. त्या लढ्याला बळ देणारी माणसं मुंबईत पगार मिळवत होती आणि गावच्या खोतावर अवलंबून नव्हती. बौद्धवाडीतली समाजमंदिरं, कुणबी मुलांची वसतिगृहं, गावोगावची शिक्षण मंडळं यांमागे मुंबईत बसणाऱ्या बैठका आहेत. एखादा मुलगा गाव सोडून गेला म्हणून गावाचं नुकसान झालं असं मला सहज म्हणवत नाही ते यामुळे. ज्याला गावात मान नव्हता, त्याच्यासाठी जाणं हाच विकास होता. मंडळांचे मानपान, पालखीवरून कोर्टकज्जे, हेही मुंबईहूनच चालतात. तो भाग वेगळा, आणि त्यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

तुमचं गाव फक्त रिकामं होत नाहीये, हेही टिपा. हापूसच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी कामगार आहेत, मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिऱ्याच्या खाणीत आणि बांधकामावर कर्नाटकातली कुटुंबं आहेत. म्हणजे 'कोकणात काम नाही' हे वाक्य आता तसंच्या तसं खरं नाही. काम आहे, पण त्या मजुरीत आणि त्या मानात इथला शिकलेला मुलगा ते करणार नाही, आणि मालक म्हणून करायचं तर कागद अडतो. या आलेल्या कुटुंबांची मुलं काही ठिकाणी मराठी शाळेत बसतात. तुमच्या वाडीतल्या शाळेचा पट बघाल तेव्हा मुलं कोणाची आहेत तेही विचारा.

प्रबंधासाठी म्हणून एवढंच सुचवतो: गाव हे एकक धरू नका, सातबाऱ्यावरचं खातं धरा. दहा-पंधरा सामायिक खाती निवडा. प्रत्येकात किती नावं, किती जिवंत, किती गावात, जमीन कसली जाते की पडीक, शेवटचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, कधीचा, हे लिहा आणि मग मुंबईहून येणाऱ्या पैशाशी ताडून बघा. माझा अंदाज असा की पडीक जमिनीचा संबंध गेलेल्या माणसांच्या संख्येपेक्षा सातबाऱ्यावरच्या नावांच्या संख्येशी जास्त निघेल. अंदाज चुकला तर मला जरूर कळवा, मला खरंच बघायचं आहे.

आणि वाडीसाठी काही करायचं मनात असेल, तर क्रम असा ठेवा. आधी वारसनोंदी, त्याला कोणाची संमती लागत नाही, मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि तलाठ्याकडे अर्ज एवढंच लागतं. मग महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटप. ज्याला वाटप नको त्याच्याकडून निदान ठरावीक कामापुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्या, म्हणजे गावातला माणूस अर्जावर सही करू शकेल. सरसकट मुखत्यारपत्र मागू नका, ते कोणी देत नाही आणि देऊही नये. मंडळाच्या पुढच्या वर्गणीतून कमानीऐवजी मोजणीची फी भरायला लावता आली तर बघा; देणगीदाराची फरशी हवी असेल तर तीही लावा, काही बिघडत नाही.

हा विषय गणपतीत मात्र काढू नका. मोजणीचा अर्ज जानेवारीतच टाकून ठेवा, कारण भूमी अभिलेखकडे रांग असते. मे महिन्यात आंबे-फणसाला मुंबईकर मुलाबाळांसकट आठ-पंधरा दिवस राहतात, कचेऱ्या उघड्या असतात आणि पाऊस लागायच्या आत हद्दीवर उभं राहता येतं. नोटीस त्या दिवसांत पडेल असं बघा, म्हणजे चुलते-आत्या सगळे एकाच वेळी खळ्यात सापडतील.